श्रावणातली ती कॅप्सूल

थायरॉइड ग्रंथीला आवर घालणारी कार्बिमॅझोलची गोळी दीड वर्ष घेऊन थांबवल्यावर गेल्या आषाढात माझा ग्रेव्हज आजार, म्हणजे ही ग्रंथी अति काम करण्याचा आजार, पुन्हा उलटला. बसल्या जागी नाडी १२० वर जाऊ लागली आणि अबोलीचा वळेसर गुंफताना बोटांच्या कंपामुळे दोरा हातात ठरेना. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, जवळजवळ शून्य होते; ग्रंथी अति काम करू लागली की ते घटते, मंदावली की वाढते. ग्रेव्हज आजार उलटला की किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हे पर्याय समोर येतात. मी पहिला स्वीकारला.

थायरॉइडच्या पेशींना साधे आयोडीन आणि किरणोत्सारी आयोडीन-१३१ यांतला फरक कळत नाही. त्या दोन्ही सारख्याच ओढीने शोषून घेतात, आणि किरणोत्सारी आयोडीनमधून निघणारे बीटा किरण जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाऊन त्याच पेशींना निकामी करतात. बॉस्टनमध्ये १९४१ साली हा उपचार प्रथम दिला गेला, म्हणजे ही काही नवखी पद्धत नव्हे.

ग्रंथी आयोडीनची भुकेली राहावी म्हणून आधी दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ आणि समुद्रातली मासळी बंद करायला डॉक्टरांनी सांगितले. श्रावण असल्याने मासळी घरात तशीही शिजत नव्हती. मिठाचीच काय ती अडचण झाली. गर्भधारणा नसल्याची चाचणी झाली आणि पुढचे सहा महिने दिवस राहू देऊ नयेत, अशी ताकीद मिळाली.

प्रत्यक्ष उपचार मिनिटभराचा होता. शिशाच्या जाड डब्यातून एक लहान नळी निघाली, तिच्यातली कॅप्सूल हात न लावता थेट तोंडात घेतली, वर पाणी प्याले. दुखले-खुपले काहीच नाही.

कठीण गेले ते घरी आल्यानंतरचे दिवस. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते आणि लघवी, लाळ, घाम यांवाटेही बाहेर पडते. म्हणून पाच वर्षांच्या लेकीला आजोळी म्हापशाला पाठवले, गरोदर जावेपासून लांब राहिले, वेगळी झोपले, शौचालयात दोनदा फ्लश केले. लेक फोनवर रोज विचारायची, ‘आई, चवथीक तरी येऊ मगो?’ चतुर्थीच्या तीन दिवस आधी डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधताना ती माझ्या मांडीवर होती.

एक गोष्ट मात्र मला कोणी आधी स्पष्ट सांगितली नव्हती, आणि ती प्रत्येक रुग्णाला सांगितलीच पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. या उपचारानंतर बहुतेकांची ग्रंथी कायमची मंदावते. तो उपचाराचा बिघाड नव्हे, अपेक्षित परिणाम असतो. चौथ्या महिन्यात थंडी वाजू लागली, अंग जड झाले, केस गळू लागले, तेव्हा मी उगाच घाबरले. तपासणीत टीएसएच खूप वाढलेले निघाले. तेव्हापासून रोज पहाटे अनशापोटी थायरॉक्सिनची, म्हणजे ग्रंथीच्या कमी पडणाऱ्या संप्रेरकाची, गोळी घेते, अर्ध्या तासाने चहा पिते, आणि मात्रा बसेपर्यंत दर सहा आठवड्यांनी रक्त तपासून घेते.