नाहाहून परत: सान्चिन, चिईशी आणि दुखरी मनगटं

मंडळी, मागच्या नोंदीत सेयुन्चिन या कराटेतल्या काताचं (ठरलेल्या हालचालींच्या क्रमाचं) रडगाणं गायलं होतं. त्यात काडीची प्रगती नाही. आमच्या क्लासमधले गोजू-र्‍यू या कराटे शैलीवाले जपानमधल्या ओकिनावाला जाऊन आलो, पण तिथे नवा काता कोणी शिकवलाच नाही. आमच्यातली ग्रेडिंगच्या (पट्ट्याच्या परीक्षेच्या) तयारीने आलेली पोरं त्यामुळे जरा खट्टू झाली. मला विचाराल तर तेच बरं झालं.

ओकिनावाची राजधानी नाहा. तिथला डोजो (सरावाची जागा) म्हणजे घराच्या खालच्या मजल्यावरची एक खोली. संध्याकाळी सत्तरीचे आजोबाही येतात, फरशी पुसायला आपल्यासोबत वाकतात. सुरुवात जुन्बी उंदोने, म्हणजे तयारीच्या व्यायामाने, पायाच्या बोटांपासून. हा क्रम गोजू-र्‍यूचे संस्थापक मियागी चोजुन (१८८८–१९५३) यांनी बसवलेला. आपल्याकडे हे वॉर्मअप म्हणून पाच मिनिटांत उरकतात. तिथे निम्मा घाम यातच निघतो.

मग होजो उंदो, म्हणजे साधनांवरची मेहनत. चिईशी म्हणजे लाकडी दांड्याच्या टोकाला सिमेंटचा किंवा दगडाचा गोळा. आमच्यातला कोल्हापूरचा गडी बघताच म्हणाला, ‘ही तर आखूड गदा!’ तालमीत घुमवलेली असल्यामुळे त्याने ती झोकात खांद्यामागून फिरवली. सेन्सेईंनी (गुरुजींनी) हसून थांबवलं. गदेला गती देऊन तिच्या ओघाबरोबर जायचं असतं. इथे शिको-दाचीत, म्हणजे पाय फाकवून खाली बसायच्या पवित्र्यात, बसून मनगटाच्या जोरावर गोळा हळू उभा करायचा आणि तिथेच रोखायचा. झोका संपला की उरतं ते मनगट, आणि आमची मनगटं किती कच्ची ते लगेच कळलं. गड्याचा दम आमच्यापेक्षा जास्त टिकला, हेही सांगायला हवं.

निगिरीगामेचं, म्हणजे पकडीच्या मडक्यांचं, तसंच. मडक्यांचा काठ बोटांच्या टोकांनी धरायचा आणि सान्चिन-दाचीत, म्हणजे सान्चिन या श्वासावर भर देणाऱ्या काताच्या पवित्र्यात, चालायचं. वजन वाढवायला आत वाळू. माझ्या बाबतीत आधी अंगठा दगा देतो, मग खांदे वर चढतात आणि पाठोपाठ श्वास छातीत अडकतो. सान्चिनमध्ये वर्षानुवर्षं ऐकत आलेली ‘खांदे खाली’ ही सूचना मडकी हातात आल्यावर पहिल्यांदा अंगात उतरली. कोंगोकेन नावाचं लांबट लोखंडी कडंही होतं. १९३४ साली हवाईला गेलेल्या मियागींनी ते तिथल्या पैलवानांकडे पाहिलं, असं सांगतात. तेवढं जड लोखंड क्लासमध्ये कुठून आणणार, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

सान्चिन मात्र रोज. मियागींचे गुरू हिगाओन्ना कानर्‍यो यांच्या परंपरेतला वळणांचा आणि मियागींचा बिनवळणाचा, दोन्ही. शिमेच्या (काता चालू असताना शरीराचा ताण तपासण्याच्या) वेळी सेन्सेई खांद्यावर थाप मारतात म्हणून आपली पोरं दात-ओठ खाऊन ताठ होतात. तिथे थापेपेक्षा चाचपणी जास्त होती: काखेखालचा स्नायू, मांडीची आतली बाजू, ओटीपोट. जिथे बोट ठेवलं तिथेच ताण हवा, मान आणि चेहरा मोकळा. आमच्यातले बँकवाले काका हे सगळ्यात आधी शिकले. तरुणांकडे ताकद असते ना, तीच नडते.

सुट्टीच्या दिवशी मात्सुयामा पार्कमधलं हिगाओन्ना-मियागींचं स्मारक पाहिलं आणि तोमिगुसुकूचं २०१७ साली उघडलेलं कराटे काईकान (कराटे भवन). ऑक्टोबरात जाणार असाल तर २५ तारीख साधा, तो तिथला कराटे दिन. शाकाहाऱ्यांनी गोया चाम्पुरू (कारल्याची परतलेली भाजी) मागवताना जपून: कारलं आपलंच, पण सोबत बहुधा डुकराचं मांस असतं. ते काढायला सांगितलं तरी वर माशाचा कीस भुरभुरून येतो.

आताची स्थिती: सान्चिन रोज, आरशाशिवाय. मडक्यांऐवजी रुंद तोंडाच्या बरण्या, वाळू हळूहळू वाढवतोय. अंगठा अजून आधीच सुटतो, पण खांदे खाली राहतात. माकिवारा (ठोसे मारायचा खांब) बसवायला सोसायटीत जागा नाही. चिईशी घरी ओतली: जुन्या डब्यात सिमेंट, आणि दांडा निसटू नये म्हणून त्याच्या बुडाला आडवे खिळे. खिळे विसरू नका, नाहीतर गोळा शेजाऱ्यांच्या गाडीवर. सेयुन्चिनची नोंद ग्रेडिंगनंतर.