अदृश्य गार्गी: सातव्या आठवड्याची नोंद

कुमारवयीन वाचकांसाठी लिहायला घेतलेली माझी रहस्यकादंबरी या आठवड्यात अकराव्या प्रकरणाच्या तोंडाशी येऊन अडली, आणि ती कथानकामुळे नव्हे, तर नायिकेच्या डोळ्यांमुळे अडली. डोंबिवलीतली चौदा वर्षांची गार्गी पहिल्याच प्रकरणात अदृश्य होते. परंतु अदृश्य माणसाला स्वतःला दिसते कसे, हा प्रश्न मी दहा प्रकरणे सोयीस्करपणे टाळत आले होते.

एच. जी. वेल्स यांच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या १८९७ सालच्या कादंबरीत अदृश्यतेचा आधार अपवर्तनांक, म्हणजे एखाद्या पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप, हा आहे. शरीराचा अपवर्तनांक हवेइतका झाला, की प्रकाश न वळता, न परावर्तित होता आरपार निघून जाईल. हे डोळ्यांनी पाहावे म्हणून बोरोसिलिकेट काचेची कांडी आणि औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणले. दोहोंचा अपवर्तनांक १.४७च्या आसपास असल्यामुळे कांडीचा बुडालेला भाग खरोखरच नाहीसा झाला आणि वरचा भाग अधांतरी तरंगू लागला. मात्र कांडीला चिकटलेले हवेचे पाच-सहा बुडबुडे एका ओळीत तसेच लकाकत राहिले, आणि त्या ओळीवरून कांडी कुठे आहे हे अचूक कळत होते. पावसाचे थेंब गार्गीलाही असेच उघडे पाडतील, हे लक्षात आले आणि स्टेशनच्या पुलावरचा पावसाचा प्रसंग मला तिथेच सापडला.

आता डोळ्यांविषयी. दिसण्यासाठी दृष्टिपटलाने, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याने, प्रकाश शोषावाच लागतो, म्हणजे सर्वांगाने पारदर्शक झालेला माणूस आंधळाच ठरेल. तेव्हा गार्गीची दृष्टिपटले मी दृश्य ठेवली: हवेत हलणारे दोन काळसर ठिपके. ही तडजोड वाटली होती, पण लिहू लागल्यावर भीतीचा सारा साठा तिच्यातच निघाला. तिच्या पापण्या पारदर्शक असल्याने डोळे मिटून ठिपके लपत नाहीत, तळहात पुढे धरून लपत नाहीत, आणि कवटीही आरपार असल्याने पाठ फिरवूनसुद्धा लपत नाहीत. शिवाय डोळे मिटले तरी अंधार होत नाही, त्यामुळे तिला दिवसा झोप नाही. जिन्याखाली पाठलाग करणारा माणूस चार पावलांवर उभा असताना तिला उपयोगी पडते ती फक्त दुधाची रिकामी क्रेट. हे प्रकरण दोन रात्रींत उतरले.

पहिल्या प्रकरणातले ‘गूढ रसायन’ही बदलायचे आहे, कारण ते शब्द वाचताना माझी मलाच लाज वाटते. २०२४ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टार्ट्राझिन या पिवळ्या खाद्यरंगाचे द्रावण चोळून जिवंत उंदराची त्वचा तात्पुरती पारदर्शक केली होती. रंग धुतल्यावर ती पूर्ववत झाली. पावसाने गार्गीही पूर्ववत व्हावी, असा मोह झाला, पण मग पुलावरच्या प्रसंगात तिची सुटका फुकटात झाली असती. म्हणून पिवळेपणा तेवढा घेतला आणि धुतले जाणे सोडले.

गर्दीच्या वेळच्या लोकलचे सहावे प्रकरण पूर्ण काढून टाकले. तिथे कुणी तिच्या अंगावर रेलणार नाही, हे मलाच पटेना. त्यापायी सुमारे तीन हजार शब्द गेले. एकूण आता अडतीस हजार आहेत. पुढच्या आठवड्यात मागच्या प्रकरणांत जिथे जिथे गार्गी ‘डोळे मिटून’ बसली आहे, ती वाक्ये शोधायची आहेत. आतापर्यंत सतरा सापडली.