परतीचे पाकीट

माझ्या स्वाक्षऱ्यांच्या जुन्या वहीत एका पानावर सहीच नाही. तेथे तीन कोरी कार्डे चिकटवलेली आहेत. शाळेत असताना कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आम्हा चौघा मित्रांना एका नामवंत क्रिकेटपटूची सही हवी होती, म्हणून मी एकाच पत्रात चार कार्डे घातली आणि परतीचे पाकीट घालायला मात्र विसरलो. दोन महिन्यांनी उत्तर आले. एका कार्डावर सही होती, तीन जशीच्या तशी परत होती. मी फणफणलो, तेव्हा वडिलांनी एवढेच विचारले, "या पाकिटावरच्या तिकिटाचे पैसे कोणी भरले रे?"

तेव्हापासून रमणमळ्याच्या मुख्य टपाल कार्यालयात गेलो की मी तिकिटे नेहमी जोडीनेच घेतो. 20 ग्रॅमपर्यंतच्या साध्या पत्राला आजही 5 रुपयेच पडतात. परतीच्या पाकिटावर माझा पत्ता पिनकोडासह आधीच लिहिलेला असतो, तिकीट लावलेले असते आणि ते तीन घड्या घालून आत ठेवलेले असते. कार्ड मात्र घडी न घालता त्यात मावेल एवढेच कापतो, कारण घडीवरून गेलेली सही जन्मभर लंगडत राहते. पत्र एका पानाचे, मागणी एकाच सहीची, आणि त्या व्यक्तीचे नेमके काय आवडले ते दोन ओळींत.

सही म्हणजे दोन सेकंदांचे काम, असे मागणाऱ्याला वाटते; पण मागणारे शेकड्यांनी असतात. गांधीजी स्वाक्षरीसाठी हरिजन निधीला 5 रुपये घेत असत, आणि तो हिशेब मला अगदी रास्त वाटतो. आमच्या कोल्हापूरचे वि. स. खांडेकर उतारवयात दृष्टी गेल्यावर मजकूर सांगून दुसऱ्याकडून लिहवून घेत. आपले पत्र कोणत्या टेबलावर आणि कोणत्या प्रकृतीच्या माणसापुढे जाऊन पडणार आहे, हे पाकीट चिकटवणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून "सवडीने" हा शब्द मी कधीही गाळत नाही आणि स्मरणपत्रही धाडत नाही.

आभारांच्या बाबतीत मात्र आम्ही कोल्हापूरकर जरा अवघडतो. आमच्याकडे कोणी उपकार केले तर तोंडाने आभार मानण्याऐवजी "चहा घेऊनच जावा" म्हणतात, आणि टपालातून चहा पाठवता येत नाही. त्या क्रिकेटपटूंना आभाराचे कार्ड लिहायला वडिलांनी मला त्याच संध्याकाळी बसवले. मी मनापासून चार ओळी लिहिल्या आणि शेवटी जोडले, "उरलेल्या तीन कार्डांचेही पाहावे." वडिलांनी ते कार्ड शांतपणे फाडले, दुसरे लिहायला लावले आणि वाया गेलेल्या कार्डाचे पैसे माझ्या खाऊतून कापून घेतले.