रकाना : वस्तूचं वय

"तुला माझं घर माझ्यापेक्षा जास्त आठवतं गं," असं म्हणून नीलूने लॅपटॉप मिटला. आवाजात राग नव्हता. कौतुकही नव्हतं. मग काय होतं, या विचारात रात्रीची झोप गेली.

आठवणारच ना. तिचं घर आगीत गेलं, आणि सामानाचा विमा मिळायला विमावाले यादीच तशी मागतात. 7 जानेवारी 2025 च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळचं ईटन कॅन्यन पेटलं, त्याआधी घरात काय काय होतं ते खोलीवार लिहा. वस्तू, नग, वय, अवस्था, आज नवी घ्यायची तर किंमत. आणीबाणी जाहीर झाल्यामुळे, तेव्हाच्या नियमाप्रमाणे, घराच्या विमारकमेच्या 30 टक्के, पण जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानापोटी यादी न मागता द्यावे लागत होते. ते तिला मिळाले. त्यावरचं हवं तर यादी. तिच्या गावात, अल्टाडीनात आणि आसपास, नऊ हजारांवर इमारती गेल्या. कितीजणी हेच रकाने भरत बसल्या असतील.

पैसे बुडतात ते टीव्ही-सोफ्यात नाही, खणांत. पडद्यांचे दांडे, हँगर, बॅटऱ्या, औषधं, शॉवरचा पडदा. मसाल्याचा डबा ही एक ओळ नव्हे. डबा, सात वाट्या, चमचा आणि आतले मसाले वेगळे. नुसतं 'मिक्सर' लिहिलं की विमावाले स्वस्तातला धरतात. '750 वॅट, तीन भांडी' लिहिलं की त्या तोडीचाच धरावा लागतो. वर विक्रीकर मिळवायचा, तो हमखास राहतो. ऑनलाइन खरेदीच्या जुन्या ऑर्डरी काढायच्या. फोटोंत माणसं सोडून मागची कपाटं बघायची. आमच्याकडे असलेल्या, तिच्या घरच्या डोहाळजेवणाच्या, गणपतीच्या फोटोंत तिचं अर्धं स्वयंपाकघर सापडलं. पैठण्यांसाठी येवल्याच्या दुकानातून लेटरहेडवर आजची किंमत मागवली, नाहीतर 'सिल्कचं कापड' म्हणून काहीतरी टेकवतात. दागिन्यांना मर्यादा असते म्हणून लोक आधीच हात टेकतात, पण बऱ्याच पॉलिसींत ती चोरीपुरती असते, आगीला लागू नसते. शब्द न् शब्द वाचायचा.

हे सगळं मी वाचलं, मी मागवलं. आणि वर हे वाक्य. घरचं झालं थोडं, त्यात व्याह्याने धाडलं घोडं, अशी माझी गत. ऑफिस, पोरांचा अभ्यास, इकडे हे. काल तर वाटलं, आता तुझं तू बघ बाई.

पण तिने लॅपटॉप मिटला तो नेमका पुरणयंत्रापाशी. "ओट्याखालच्या दुसऱ्या खणात, शेवेच्या सोऱ्यामागे," मी पटकन सांगितलं. तिला आठवलं नव्हतं, की आठवायचं नव्हतं? काकूंनी दिलेलं, काकूंना त्यांच्या सासूबाईंनी. वयाच्या रकान्यात काय लिहायचं? हिशोब असा : शंभर डॉलरची वस्तू, आयुष्य दहा वर्षं, सहा वापरलेली, तर आधी चाळीस मिळतात. नवी घेऊन पावती दिली की उरलेले साठ; ऐंशीला घेतली तर चाळीसच. त्यासाठी पहिली रक्कम हातात पडल्यापासून निदान 36 महिने मिळतात. पुरणयंत्राचं वय खरं लिहिलं तर आधी शून्य. काकूंना अजून सांगितलेलं नाही.

राख चाळतानाही असंच झालं होतं. बारीक धूळही अडवणारा पी100 मास्क, अंगभर पांढरा सूट, पाव इंची जाळी, राख आधी हलकी शिंपडून घ्यायची म्हणजे उडत नाही. जुन्या घरांच्या राखेत शिसं आणि ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून घाईघाईने उपसायची नसते. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सियसला वितळतं. तिचा कुकर वितळून फरशीच्या सांध्यातून ओघळला होता, चकचकीत, जिभेसारखा; शेजारी स्टीलची पळी नुसती काळीनिळी होऊन तशीच्या तशी. मी "हा कुकर, ही पळी" करत होते. ती गप्प होती. तेव्हा मला ते शहाणपण वाटलं.

चिऊच्या खोलीचं पान अजून कोरं आहे. त्यावर नको.

आज सकाळी डबे भरताना मात्र हसू आलं. माझ्या खणांत काय आहे ते कोणी असं फडाफडा सांगितलं असतं तर मी लॅपटॉप नुसता मिटला नसता, आपटला असता. चिकटलेले रबरबँड, सॉसच्या पुड्या, वॉरंटी संपलेल्या वस्तूंची वॉरंटी कार्डं. नीलूला सगळं ठाऊक असणार. बोलत नाही, एवढंच.

तेव्हा वाटणी ठरली. खण तिचे. मी घराच्या बाहेरचं बघणार. नव्या घराचा सांगाडा उभा राहिलाय, प्लास्टर व्हायच्या आत पोटमाळ्याचे झरोके तपासायचेत. घरं ज्वाळांपेक्षा उडत्या ठिणग्यांनी जास्त पेटतात आणि त्या इथूनच आत शिरतात, म्हणून जाळीचं भोक 1/8 इंचापेक्षा मोठं नको. खिडक्यांच्या दोन काचांतली निदान एक टेम्पर्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली. भिंतीपासून पाच फुटांत झाड नाही, लाकडी कुंपणही टेकलेलं नको. कढीपत्ता लावायच्या आधी मातीतलं शिसं तपासून घ्यायचं. सैन्याच्या इंजिनियरांनी राखेखालची सहा इंच माती नेली, पण नंतर खालची तपासली नाही. कॅलिफोर्नियाची मर्यादा 80 पीपीएम, म्हणजे मातीच्या दहा लाख भागांत शिशाचे 80. जास्त निघालं तर वाफे उचलून बांधायचे, विकतची माती घालून.

आणि पावत्या माझ्याकडे. पहिली आली : इंडक्शनवर चालणारी स्टीलची कढई, तिने मला न विचारता घेतलेली. बूड पातळ आहे. पोहे लागणार. बोलले नाही.