आधी मार्ग, मग बोट: पूर्व कॅरिबियनमधल्या आमच्या सात रात्री

लग्नाला पंधरा वर्षं झाली आणि नेमके तेव्हाच आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आलेले. मुलं आजी-आजोबांवर सोपवून फेब्रुवारीत आम्ही दोघंच मायामीहून सात रात्रींच्या क्रूझला गेलो.

निवड करण्यातच आमचा महिना गेला, कारण आम्ही बोटींचे फोटो बघत बसलो होतो. आधी मार्ग ठरवा. पश्चिमेच्या मार्गावर कोझुमेल, जमैका, ग्रँड केमन लागतात. पूर्वेच्या मार्गावर पोर्तो रिको बेटावरचं सान हुआन शहर, सेंट थॉमस, सेंट मार्टिन. ही बेटं लांब असल्याने मधे पूर्ण दिवस नुसत्या समुद्रात जातात. नवऱ्याला तेच हवं होतं, फोन न वाजणारा दिवस. मला पायी हिंडायला जुनं गाव हवं होतं. पूर्वेच्या मार्गावर दोघांचंही जमलं. वादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो. त्या काळात तिकिटं स्वस्त दिसतात, पण बोट ऐनवेळी मार्ग बदलू शकते. भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा हवा, कारण परत अमेरिकेतच उतरायचं असतं. वाटेतल्या प्रत्येक बेटाचे नियम बुकिंगच्या आधी कंपनीला विचारून घ्या.

केबिन मधल्या भागात, खालच्या मजल्यावर घेतली. मला गाडी लागते, त्यामुळे बोटही लागणार याची भीती होती. तिथे बोट सगळ्यात कमी हलते. आलेपाक जवळ ठेवला होता, पहिल्या रात्री लागलाही. बाल्कनीचे पैसे मात्र खुशाल खर्च करा. सकाळी कॉफी घेऊन बसलं की पाण्यातून उडते मासे थव्याने निघून दूरवर तरंगत जातात. तासन् तास आम्ही तेच बघत होतो. घरी इतका वेळ आम्ही शेवटचे कधी शेजारी शेजारी बसलो होतो, आठवत नाही.

सान हुआनला शिरताना डाव्या बाजूला एल मोरोचा किल्ला अगदी जवळून दिसतो. तेव्हा डेकवर डावीकडेच उभे राहा. 1539 मध्ये सुरू झालेलं हे बांधकाम समुद्राच्या तोंडावर सहा पातळ्यांत चढत गेलं आहे. सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातलेल्यांना तटावरचे ते गोल पहारेघुमट बघून फार आनंद होतो. किल्ला संध्याकाळी लवकर बंद होतो, म्हणून बोट दुपारी लागणार असेल तर खरेदी मागे ठेवून थेट तिकडेच चला. समोरच्या मोठ्या हिरवळीवर लोक पतंग उडवत होते. आम्हीही एक विकत घेतला. परतताना निळसर दगडांच्या गल्ल्यांतून उतरलो, चपला जाड तळाच्या हव्यात.

सेंट थॉमसला एकच गोष्ट केली: मेगन्स बे या किनाऱ्यावर पोहणं. तिथे प्रवाळाला घातक रसायनांच्या सनस्क्रीनवर बंदी आहे, म्हणून झिंक ऑक्साइडचं न्या. आणि घड्याळ जपा! हिवाळ्यात ही बेटं मायामीच्या एक तास पुढे असतात. बोटीची वेळ काही वेळा तिथल्या वेळेपेक्षा वेगळी ठेवतात. आमच्या दोघांच्या फोनमध्ये दोन वेगळ्या वेळा दिसत होत्या आणि आम्ही धक्क्यावर पळत पोहोचलो. उतरण्याआधी बोटीवरच्या घड्याळाशी साधं मनगटी घड्याळ जुळवून घ्या.

सेंट मार्टिनचा एक भाग डच, दुसरा फ्रेंच आहे, ही वाटणी 1648 पासूनची. बहुतेक जण माहो बीचला डोक्यावरून जाणारी विमानं बघायला जातात. आम्ही फ्रेंच बाजूला मारिगोला गेलो, तिथल्या टेकडीवरच्या फोर्ट लुईला चढलो आणि वर अर्धा तास फक्त वारा खात बसलो. मला तोच दिवस सगळ्यात आवडला.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा आणि रोज रात्री दुसऱ्या दिवशीचं सांगून ठेवा. आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा मडगावचा निघाला. या बोटींवर गोव्याची आणि मुंबईची माणसं पुष्कळ भेटतात. तिसऱ्या रात्री त्याने न सांगता वरणभात आणि लिंबाची फोड आणली, “ताई, आज साधंच खा” म्हणाला. आठ-नऊ महिने घरापासून दूर राहणारी ही मुलं असतात. रोजची टीप बिलात लागते, तरी शेवटी हातात वेगळं पाकीट द्या.

दारूचं पॅकेज घेताना नियम वाचा. बहुतेक ठिकाणी एका केबिनमधल्या दोन्ही मोठ्यांना ते घ्यावं लागतं. आमच्यात एकच जण पितो, त्यामुळे आम्ही सुट्टे ग्लास घेतले आणि ते स्वस्त पडलं. विमानाने मायामीला आदल्या दिवशीच पोहोचा, बोट कुणासाठी थांबत नाही.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, सकाळचे कपडे आणि पासपोर्ट हाताशी काढून ठेवा. आम्ही झोपलोच नाही फारसे. पहाटे मायामीचे दिवे दिसायला लागले तेव्हा एकाच शालीत बाल्कनीत बसलो होतो.