उदबत्ती, मच्छरदाणीची जाळी आणि एक पंखा कमी

एप्रिल संपत आला की रेंडर लावल्यावर, म्हणजे थ्रीडी आराखड्यावरून पक्कं चित्र तयार करायला लावल्यावर, माझा कॉम्प्युटर मिक्सरसारखा ओरडायला लागतो. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, वरच्या मजल्यावर. संध्याकाळी सहालाही खोलीत 36 अंश. माझं काम घरांच्या अंतर्सजावटीची थ्रीडी चित्रं करण्याचं, त्यामुळे कॉम्प्युटरमधलं चित्रांचं काम करणारं आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतं. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहिलं तर कार्ड 84 अंशांवर. त्याची हद्द 93, म्हणजे जळणार नव्हतं. पण आवाजाने डोकं उठायचं.

दुकानात विचारलं. "मॅडम, दो फैन और डलवा लो, एकदम ठंडा!" कॅबिनेटला, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याला, हवा आत घेणारे पुढे तीन आणि बाहेर फेकणारा मागे एक पंखा होताच, वर आणखी दोन बसवून घेतले, दोन्ही हवा बाहेर फेकणारे. घरी येऊन तेच रेंडर लावलं. कार्ड 83. प्रोसेसर तर उलट दोन अंशांनी वर!

पैसे गेल्यावर अक्कल येते तशी मग आली. कॅबिनेटची बाजूची काच काढली आणि रेंडर पुन्हा लावलं. वीस मिनिटांनी कार्ड 72. काच काढल्याने एवढा फरक पडत असेल तर दोष कार्डाचा नाही, डब्याला श्वासच घेता येत नाहीये. ही चाचणी दुकानात जायच्या आधी करायला हवी होती, फुकट होती.

काच परत लावली आणि देवघरातली उदबत्ती आणली. सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, खंडेनवमी आश्विनात असते, वैशाखात नाही." मी काही बोलले नाही, कारण धूर मला जे दाखवत होता ते बघून मी गारच पडले होते.

समोर सलग काच, आत तीन पंखे दिमाखात रंग उधळतायत, पण हवेला वाट फक्त काचेच्या कडेच्या बोटभर फटीतून. तिथे धूर जेमतेम आत ओढला जात होता. मग उदबत्ती मागे नेली. ग्राफिक्स कार्डाच्या खाली रिकाम्या खाचांवर जाळीदार पट्ट्या असतात ना, तिथे धूर सर्रकन आत! बाहेर फेकणारे तीन पंखे मोकळे आणि आत घेणारे तीन गुदमरलेले, म्हणून डबा मिळेल त्या भोकातून हवा ओढत होता, तीही मागच्या बाजूची, नुकतीच बाहेर टाकलेली गरम. त्या खाचांवर धुळीची मिशी का उगवते हेही तेव्हाच कळलं. तिथे फिल्टर नसतो.

बाजूची काच किंचित सरकवून समोरच्या वरच्या पंख्याजवळ धूर सोडला. तो प्रोसेसरच्या कूलरपर्यंत पोचलाच नाही. छताच्या पुढच्या नव्या पंख्याने अर्ध्या वाटेत उचलून वर फेकला. ताजी हवा आत येते न येते तोच बाहेर. प्रोसेसर का तापला त्याचं उत्तर तेच.

तो पंखा काढून टाकला. छताचा मागचा ठेवला, कारण कार्डाची गरम हवा वर चढून तिथेच जमते. समोरची काच उतरवली आणि तिच्या जागी खिडकीला लावतात ती मच्छरदाणीची नायलॉन जाळी चुंबकपट्टीने चिकटवली. आधी बारीक विणीची घेतली होती, तिने हवा पुन्हा अडली. मोठ्या छिद्रांची आणल्यावर जमलं. दिसायला सुंदर नाही. आता तीन पंखे आत, दोन बाहेर, म्हणजे आत हवेचा दाब किंचित जास्त. मागच्या खाचांशी पुन्हा उदबत्ती धरली तर धूर बाहेरच्या बाजूला वळला.

पंखा उलटा की सुलटा हे ओळखायला सोपं आहे: ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, एक गोष्ट राहिली होती. छताचा पंखा तीन पिनांचा, आणि सेटिंग पीडब्ल्यूएमचं, म्हणजे चौथ्या पिनेवरच्या इशाऱ्याने वेग ठरवणारं; म्हणून तो कायम पूर्ण वेगाने भिरभिरत होता. डीसी, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवणारं, केल्यावर गप्प झाला. कॅबिनेटही टेबलाच्या बंद खणातून काढून भिंतीपासून वीतभर पुढे ठेवलं.

शेवटच्या मोजणीला खोली 37 अंश होती, कार्ड 73. खोलीपेक्षा गार कुठलाच पंखा करू शकत नाही, म्हणून मी दोन्हींमधला फरक धरते: आधी 48 होता, आता 36. जाळी दर रविवारी रंगाच्या जुन्या ब्रशने झाडते. काढलेला पंखा दुकानदाराने परत घेतला नाही.