आईच्या फॉर्म ४ वरचं कारण बदलून घेतलं, माझा अनुभव

आई गेली तेव्हा दवाखान्यातनं जो फॉर्म ४, म्हणजे मृत्यूचं कारण लिहायचा डॉक्टरांचा फॉर्म, मिळाला त्यावर कारण लिहिलेलं, कार्डिओ रेस्पिरेटरी अरेस्ट, म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडला, आणि त्याच्या खाली वार्धक्य. आई ६१ वर्षांची होती ओ. उन्हाळ्यात खानापूरच्या बाजाराला एकटी जाऊन येणारी बाई, श्रावणात तिला चहात साखर की मीठ ते कळेना, गणपतीत आरतीचं ताट हातात ठरेना, हात असे झटके मारायचे की निरांजन दोनदा खाली पडलं, आणि दिवाळीच्या आत गेली.

मधी बेंगळूरला निम्हान्सला, मेंदूच्या आजारांच्या मोठ्या दवाखान्यात, नेलेलं, एमआरआय, ईईजी, पाठीतलं पाणी सगळं बघून सीजेडी म्हणून सांगितलं, क्रॉयट्झफेल्ट-जेकब. प्रायॉन नावाचं प्रोटीन बिघडतं आणि मेंदू पोखरत जातं, दहा लाखांत वर्षाला एक-दोघांना होतो, औषध नाही.

मग वार्धक्य कसलं? हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतंय. त्या फॉर्मच्या पहिल्या भागात वरच्या ओळीत शेवटी काय झालं ते आणि सगळ्यात खालच्या ओळीत मुळात कशानं सुरू झालं ते लिहायचं असतं, आणि आकडेवारीत ते मूळ कारणच धरतात. ते नाव नसलं तर आईचा आजार कुठंच मोजला जाणार नव्हता.

घरात सगळे म्हणाले, मृत्यूचा दाखला मिळालाय न्हवं, बँकेचं काम होतंय, कशाला फिरालाय आक्का. खरंय, दाखल्यावर कारण छापतच नाहीत, कायद्यानंच मनाई आहे. पण १ ऑक्टोबर २०२३ पासनं फॉर्मची कॉपी नातेवाइकाला द्यायला लागते म्हणून तर मला हे दिसलं.

दवाखान्यात तीन हेलपाटे झाले. दोनदा रेकॉर्डवाल्यानं नुसतं उद्या या म्हटलं. तिसऱ्यांदा थेट डॉक्टरांसमोर निम्हान्सची डिस्चार्ज समरी ठेवली, त्यांनी चष्मा काढून पूर्ण वाचली आणि म्हणाले, तेव्हा हा कागद फाईलला नव्हता. नव्या फॉर्मवर वर अॅस्पिरेशन न्यूमोनिया, म्हणजे अन्न-पाणी फुफ्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया, लिहिलं, खाली सीजेडी. मीच म्हटलं, "सर, संभाव्य पण लिवा", कारण पक्कं निदान मेंदूचा तुकडा काढून तपासल्यावरच होतं आणि ती तपासणी आम्ही केली नव्हती, त्या दिवशी कुणाला सुचलंच नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नोंदणी ऑफिसात कळालं की आकडेवारीचा भाग दर महिन्याला वर जातो, आईचा गेलेला. मग कानडीत अर्ज, मला बोलता येतं पण लिहिता नीट येत नाही, शेजारच्या काकांनी लिहून दिला, सोबत दुरुस्त फॉर्म, आणि पोच घेतल्याशिवाय मी हललेच नाही.

हा आजार १०० तल्या १०-१५ जणांत घराण्यातनं येतो म्हणतात, आईची जीन तपासणी झाली नाही. म्हणून त्या फॉर्मची झेरॉक्स आणि समरी एकत्र पिन मारून भावाकडं दिलीय, पुढं त्याच्या पोरांना कुठल्या डॉक्टरनं आजी कशानं गेली विचारलं तर दाखवाला.